‘फोटोंमागचा मजकूर अर्धवट ठेवला’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: पैठणीच्या दुकानाची साइट नव्याने करताना ऑल्ट टेक्स्टचे, म्हणजे फोटोमागे लिहिलेल्या, गिऱ्हाइकाला दिसतही नाही अशा वर्णनाचे, आम्ही वेगळे पैसे लावले; तुम्ही दिलेली कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर शोधतात त्या शब्दांची, यादी त्यात घातली नाही; बऱ्याच चित्रांची जागा कोरी सोडली; आणि जुन्या फोटोंची कॅमेऱ्याने दिलेली नावं तशीच ठेवली. हे सगळं ठरवून केलेलं आहे, त्यामुळे कारणंही इथेच लिहितो.

कोऱ्या जागा आधी. त्या आहेत पानाच्या कडेची वेलबुट्टी, मधली नक्षीची पट्टी आणि फोन नंबरशेजारचं फोनचं चिन्ह यांच्या. दृष्टिहीन माणूस टॉकबॅक किंवा एनव्हीडीए अशा, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर साइट ऐकतो, तेव्हा ऑल्ट मुद्दाम कोरा ठेवलेलं चित्र वगळून तो थेट पुढे जातो. ऑल्ट लिहायचंच राहून गेलं असेल, तर मात्र ‘आयएमजी अंडरस्कोर चार शून्य दोन तीन’ असं फाइलचं नाव कानावर पडू शकतं. कोरा ठेवणं आणि न देणं, यात एवढा फरक आहे.

यादीबद्दल. ‘पैठणी ऑनलाइन, स्वस्त पैठणी, येवला पैठणी किंमत’ हे प्रत्येक साडीमागे चिकटवलं, तर ऐकणाऱ्याला सगळ्या साड्या एकच. गूगलही आपल्या मार्गदर्शनात ऑल्टमध्ये असे शब्द कोंबू नका, साइट स्पॅम वाटू शकते, असं सांगतं. त्याऐवजी आम्ही लिहिलं: ‘मोरपिशी पैठणी, नारळी काठ, पदरावर बांगडी मोर’. आणि पदराच्या उलट्या बाजूच्या फोटोला: ‘पदराची मागची बाजू, नक्षी पुढच्यासारखीच, सुटे धागे नाहीत’. हातमागाची की यंत्रमागाची, हे जाणकार गिऱ्हाईक पदर उलटवूनच ठरवतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! ज्याला फोटो दिसत नाही त्याच्यासाठी तो पदर उलटवायचं काम ही ओळ करते. ती बसल्या जागी लिहिता येत नाही. काठ मुनिया की नारळी, हे आमच्या ऑफिसात कोणालाच सांगता येत नव्हतं. आमची सहकारी तुमच्या दुकानात बसून एकेक साडी विचारून घेत होती. वेगळे पैसे त्या वेळाचे आहेत आणि कोटेशनमध्ये ती ओळ स्वतंत्र होती. (‘दिसत नाही’ म्हणालात म्हणून: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं आहे.)

फाइलनावांचं म्हणाल तर नव्या फोटोंना रंग, काठ आणि पदर कळेल अशी नावं दिली आहेत, रोमन लिपीत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन. देवनागरीत का नाही? लिंक कॉपी केली की बहुतेक वेळा एकेका देवनागरी चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात आणि व्हॉट्सॲपवर नुसता टक्केचिन्हांचा गुंता दिसतो. जुन्या फोटोंना हात लावला नाही, कारण नाव बदललं की फोटोचा पत्ताच बदलतो. तुमच्या गिऱ्हाइकांनी पुढे पाठवलेल्या लिंका आणि गूगलच्या फोटोंतून येणारी वाट तुटते. ती जोडायची तर प्रत्येक फाइलला रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा दुवा, लावावा लागतो. फाइलनावातून गूगलला मिळतो तो अगदी हलका इशारा. एवढ्यासाठी ते करणं मला पटत नाही, आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेणं तर त्याहून नाही.

सगळ्या ऑल्टची शीट तुमच्या ईमेलवर आहे. एखाद्या काठाचं नाव तुमच्याकडे वेगळं म्हणत असतील, तर तेच ठेवा. बदलताना एवढं लक्षात असू द्या: वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत बदललेला ऑल्ट विक्रीच्या साड्यांच्या फोटोंना आपोआप लागतो, पण ‘आमच्याविषयी’सारख्या पानात आधीच टाकलेल्या फोटोंना लागत नाही. तिथे ते पान उघडून फोटोवर क्लिक करूनच बदलावा लागेल.