लिफ्टला तपासनीस आहे, पाळणाघराला नाही

मुंबईत लिफ्टसाठी १९३९ साली, म्हणजे देश स्वतंत्र होण्याआधीच, कायदा झाला. तेव्हापासून माणसाला वर-खाली नेणारी पेटी सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतलेली आहे. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यामुळे दर जानेवारीत आणि दर जुलैत इमारतीतील आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला अग्निशमन दलाला द्यावा लागतो. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीलासुद्धा अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर मात्र कोणीतरी वन बीएचकेचा हॉल रिकामा करते, भिंतीवर हत्ती आणि ससे रंगवून घेते, आणि तिथे वीसेक लहान मुले सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत ठेवली जातात. ती जागा सुरू होण्याआधी कोणी अधिकाऱ्याने येऊन पाहिलीच पाहिजे आणि पुढेही ठरावीक काळाने पाहत राहिले पाहिजे, असे सांगणारा पाळणाघरांचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. नोकरी करणारी आई म्हणून मला रोज सकाळी याचा संताप येतो.

कागद नसतो असे नाही. दाराजवळ एक कागद चौकट करून लावलेला असतो आणि काही विचारले की मालकीणबाई त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, "मॅडम, आमच्याकडे सगळं लीगल आहे. गुमास्ता आहे ना!" गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. २०१७ च्या या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेला नोंदणीतूनही मोकळे केले; तिने व्यवसाय सुरू केल्याची नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. चार आया आणि एक स्वयंपाकीण असलेले पाळणाघर त्यात अलगद बसते. झेरॉक्सचे दुकान, केशकर्तनालय आणि पाळणाघर या तिघांचा कागद सारखाच. एका आयेकडे किती मुले आहेत, तिची पोलीस पडताळणी झाली आहे का, खिडकीला जाळी आहे का, गॅसची शेगडी मुलांच्या खोलीपासून किती दूर आहे, दुपारी मूल गुदमरले तर काय करायचे हे तिथे कोणाला ठाऊक आहे का, यांतला एकही प्रश्न तो कागद विचारत नाही.

याचे मूळ असे की कायद्याच्या लेखी सहा महिने ते तीन वर्षे या वयाचे मूल जवळजवळ अस्तित्वातच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, त्याचे ढोल सर्वांनी वाजवले आणि ते योग्यच होते. पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच संपतात, म्हणजे आई कामावर परतते तेव्हा मूल धड बसायलाही लागलेले नसते. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१७ मध्येच खाजगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असे प्रमाणही ठरवून दिले, पण त्या सूचना सुरू होतात वयाच्या तिसऱ्या वर्षापासून. शिक्षणहक्क कायद्याचा हक्क सहाव्या वर्षी उगवतो. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपनासाठी राज्य "प्रयत्न करील" असे म्हटले आहे, तेवढ्यावर आम्ही समाधान मानायचे. अंगणवाडीत सहा वर्षांखालची सगळी मुले येतात हे खरे, परंतु ती काही तासांत उघडते आणि मिटते. सव्वासातच्या लोकलने घरी पोहोचणाऱ्या आईने दुपारनंतर काय करायचे, याचे उत्तर तिथे नाही.

मग कोणीतरी शहाणपणाने सांगते की पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणे मालकावर बंधनकारक आहे. आहे, २०१७ पासून आहे, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचा तो आकडा तसाच उतरला आहे. आईने दिवसातून चार वेळा जाऊन मुलाला पाहावे, अशी मुभाही कायद्याने दिली आहे. मी ज्या कार्यालयात काम करते तिथे पन्नास माणसे नाहीत, म्हणून माझ्यापुरता तो विषय संपला. पण असती तरी काय झाले असते? ज्यांनी हे कलम लिहिले त्यांनी सकाळी साडेआठला कांदिवलीहून चर्चगेट गाडीच्या महिला डब्यात चढून पाहावे, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या खांद्यावर डबा आणि कडेवर आठ महिन्यांचे मूल घेऊन. कार्यालयाशेजारचे पाळणाघर हे कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांच्या कामाचे आहे, आणि मुंबईत कार्यालयाशेजारी राहतो कोण? इथल्या बाईला पाळणाघर हवे असते ते घराजवळ, चालत जाण्याच्या अंतरावर, आणि नेमक्या त्याच पाळणाघराला कायद्यात जागा नाही. त्याआधीची कलमे तर आणखी मजेदार होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असतील तरच पाळणाघर सांगितले. मूल जणू बापाचे नसतेच! स्त्रियांची संख्या तिशीच्या आत ठेवली की झाले, हे मालकाला कळायला वकील लागत नव्हता.

आमच्या भागातील एका पाळणाघराने पालकांना आत येण्यास मनाई केली, दाराशीच मूल घ्यायचे आणि दाराशीच सोडायचे असा नियम केला, आणि कॅमेरे आहेत पण चित्रण पालकांना दाखवता येणार नाही असे ऐकवले, तेव्हा मी विचारणा करायला निघाले. एका कार्यालयात सांगितले की शाळा नाही म्हणजे शिक्षण खात्याचा संबंध नाही. दुसऱ्या ठिकाणी कळले की ते फक्त सरकारी अनुदान घेणाऱ्या पाळणाघरांकडे पाहतात. तिसरीकडे माझा अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा यावरच चर्चा झाली. शेवटी चौकीवर विचारले गेले, "मॅडम, काही घडलंय का? मग आम्ही काय लिहून घेणार?" त्या हवालदाराचा मला राग आला नाही, कारण सबंध व्यवस्थेचे धोरण त्याने एका वाक्यात सांगितले होते. आणि हो, यांतील प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी मला विचारलेच, "सासूबाई नाहीत का घरी?" राज्याचे बालसंगोपन धोरण म्हणजे सासूबाई, असे एकदाचे राजपत्रात छापून तरी टाकावे.

घडल्यावर मात्र कायद्याची वाण नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे ७५ वे कलम सांगते की मूल ज्यांच्या सांभाळात दिले त्या संस्थेतील माणसानेच त्याच्याशी क्रूरपणे वागले, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयेने दहा महिन्यांच्या मुलीला मारल्याचे चित्रण सगळ्या वाहिन्यांनी दिवसभर फिरवले, अटक झाली, पाळणाघरांसाठी नियम करण्याची भाषा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले, लोकांनी स्थानकात उतरून गाड्या रोखून धरल्या, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि मग शाळांमध्ये कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासा असे आदेश निघाले. ते शाळांसाठी. ज्या मुलाला अजून बोलताही येत नाही, जे घरी येऊन काही सांगू शकत नाही, त्याच्या जागेसाठी काय हवे याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा होता, तो अजूनही मागेच आहे.

नियम आणले की निरीक्षक येईल, निरीक्षक आला की हप्ता येईल, हे मला कोणी शिकवू नये. मी याच शहरात राहते. पण म्हणून कोणी लिफ्टची तपासणी बंद करा म्हणत नाही. दुसरी शंका मात्र मला मान्य आहे. चाळीतल्या खोलीत तीन-चार मुले सांभाळणारी, त्यांना मऊ भात भरवणारी, ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेणारी काकू पुष्कळ चकचकीत पाळणाघरांपेक्षा शतपटीने बरी असते, आणि तिच्याकडे व्यावसायिक जागेचा दाखला मागितला तर ती उद्याच दार लावील, तिच्या जोरावर धुणीभांडी करायला बाहेर पडणाऱ्या बायका घरी बसतील. तेव्हा पाच मुलांपर्यंतच्या घरगुती सांभाळासाठी फक्त नोंदणी, पोलीस पडताळणी आणि प्रथमोपचाराचे मोफत प्रशिक्षण ठेवावे. महिना दहा-पंधरा हजार घेणाऱ्यांना मात्र परवाना, आया आणि मुलांचे ठरलेले प्रमाण, अचानक तपासणी आणि पालकांना केव्हाही आत येण्याचा हक्क, हे सगळे लागू करावे. तमिळनाडूने २०१५ मध्ये प्ले स्कूलसाठी नियमावली केली. आपल्याला बसल्या जागी आकाशपाताळ एक करायला कोणी सांगत नाही.

सध्या या साऱ्या व्यवहारात लेखी असे एकच असते. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून सही करून घेतलेले हमीपत्र, ज्यात लिहिलेले असते की पाळणाघराच्या आवारात मुलाला इजा झाल्यास संचालक जबाबदार राहणार नाहीत. मीही सही केली, कारण दुसऱ्या दिवशी रजा संपत होती आणि परिसरातल्या इतर पाळणाघरांचे हमीपत्रही शब्दशः तेच होते. असे कलम छापणेच बेकायदा ठरवणारी एक ओळ विधिमंडळाने उद्या मंजूर करावी. तिला ना निधी लागतो, ना निरीक्षक, ना समिती.