शांत वाटणं आणि मनाचा कौल मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तासभर बसलं की बरं वाटतं, यात वाद नाही. पण बरं वाटलं म्हणजे आपला निर्णय बरोबर, असं समजून माणसं उठतात आणि घरी जातात. हे मला मान्य नाही. समुद्राचा वारा खोटी सही करून आलेल्या माणसालाही तेवढाच गार लागतो. आवडती जागा आतली गडबड कमी करते. त्यानंतर सदसद्विवेकबुद्धीचं ऐकायचं की नुसती विश्रांती घेऊन परतायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

एक उदाहरण धरून चालू. मुंबईत 30 वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावं लागतं. समजा, पुनर्विकास लवकर मार्गी लागावा म्हणून अहवालात इमारत आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक दाखवली आहे आणि सोसायटीच्या कमिटीतल्या एका सभासदाला ते कळलंय. बाकी सगळे खूश आहेत, ठरावावर याची सही तेवढी बाकी आहे आणि रात्री झोप येत नाही. अशा माणसाने काय करावं?

घरातून निघण्याआधी प्रश्न कागदावर लिहावा. एकच वाक्य, त्यात ‘मी’ असावा, आणि उत्तर हो किंवा नाही असं देता यावं. ‘माझं पुढे काय होणार?’ हा प्रश्न घेऊन गेलात तर तासभर फक्त काळजी होते. ‘या ठरावावर मी सही करू का?’ हा प्रश्न चालतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं: प्रश्न इतका मोठा असतो की मन त्याला कुठूनच हात घालू शकत नाही. उपाशीपोटी जाऊ नये, भांडणानंतर लगेच जाऊ नये. मित्राला सोबत नेऊ नये, कारण मित्र जवळ असला की आपण बाजू मांडायला लागतो. फोन सायलेंटवर ठेवून भागत नाही. घरी सांगून तो बंद करावा आणि वेळ बघायला मनगटी घड्याळ घालावं.

जागा निवडताना देखाव्याला सगळ्यात शेवटी महत्त्व द्यावं. घरापासून अर्ध्या तासात पोचता यावं, निदान पाऊण तास कोणी उठवू नये आणि ओळखीचं माणूस भेटू नये. या शेवटच्या अटीमुळे दादरकरांसाठी शिवाजी पार्कचा कट्टा बाद होतो. तिथे दर दहा पावलांवर कोणीतरी ‘काय, कसं काय?’ विचारतं. मरीन ड्राइव्हवर रविवारची संध्याकाळ टाळावी आणि कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत जावं. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे तेव्हा ऊन पाठीमागून येतं. खालच्या सिमेंटच्या टेट्रापॉडांवर उतरू नये. शेवाळावरून पाय घसरतो आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटीत माणूस अडकतो.

वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर बसायचं तर भरतीची वेळ माहीत हवी. कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. हा अंदाज आहे. खडकावर जायचं तर त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहूनच जावं. ओहोटी लागल्यावर बसावं आणि पाणी परत चढायच्या आत उठावं. विचारात बुडालेल्या माणसाला मागचा खडक पाण्याखाली गेलेला कळत नाही. पावसाळ्यात, उधाणाच्या दिवसांत तर तिकडे जाऊच नये.

ज्यांना समुद्र मानवत नाही त्यांच्यासाठी कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या विहारांमध्ये भिक्खूंसाठी कोरलेले दगडी ओटे आहेत, बाहेर पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकात कोरलेली टाकी, आहेत, आणि त्या जागी शतकानुशतकं माणसं हेच करत बसली होती. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. बोरिवलीच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, म्हणून पुरता अर्धा दिवस हाताशी ठेवावा. आणि कुठेच जाणं जमत नसेल तर गर्दीच्या उलट दिशेची स्लो लोकल. सकाळी अकराच्या सुमाराला चर्चगेटहून विरारकडे निघालेल्या गाडीत खिडकी मिळते. जागा साधी असली म्हणून काही अडत नाही. तरुण भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. सार्वजनिक बागेतला एक बाक माणसाला पुरतो.

बसल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मन हप्ते, राहिलेले फोन, कोणाचा टोमणा हेच उगाळत राहतं. त्याला अडवू नये आणि तेवढ्यात काही ठरवूही नये. उठून जाण्याची घाई नेमकी याच वेळी होते. गलका ओसरला की कागद काढून प्रश्न एकदा वाचावा.

आता आतून जे येतं ते कोणाचं, हे ओळखणं खरं कठीण. भीती भविष्यकाळात बोलते. बिल्डर चिडला तर, लोकांनी वाळीत टाकलं तर, असे तिचे फाटे संपत नाहीत आणि तिला घाई असते. लहानपणी डोक्यात भरवलेला अपराधीपणा कोणाच्या तरी आवाजात बोलतो. नीट ऐकलं तर तो आवाज आत्याचा, बाबांचा किंवा साहेबांचा म्हणून ओळखू येतो. सदसद्विवेकबुद्धीचं वाक्य छोटं असतं आणि दर वेळी तेच असतं. त्यात बहुधा एखादा माणूस असतो. ‘तळमजल्यावरच्या काकूंना खरं माहीत नाही’, एवढंच. मग स्वतःला विचारावं, हीच गोष्ट त्या काकूंसमोर बसून सांगता येईल का? जीभ अडखळली तर उत्तर मिळालं. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ असं आपण सहज म्हणतो, पण मन स्वतःची समजूत फार पटकन काढून घेतं. म्हणून तो एक माणूस डोळ्यांसमोर धरायचा.

एक मात्र सांगायलाच हवं. तोच अपराधीपणा दिवसरात्र छळत असेल, चूक नसल्याची खात्री करूनही सुटत नसेल, तर जागा बदलून उपयोग नाही. ती तब्येतीची गोष्ट आहे. डॉक्टरांना भेटावं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

मनाचा कौल जवळजवळ नेहमी काहीतरी किंमत मागतो. गावदेवीच्या मणिभवनात, म्हणजे गांधीजी मुंबईत उतरायचे त्या घरात, गेलात तर हे आठवा. नोव्हेंबर 1921 मध्ये मुंबईत दंगल उसळली, तिच्यात गांधीजींच्याच बाजूचे लोक होते, आणि त्यांनी तिची जबाबदारी स्वतःवर घेऊन तिथे उपास सुरू केला. शांत राहायला त्यांना घर चांगलं होतं. तिथे बसून त्यांनी स्वतःला सोयीचं ते केलं नाही.

म्हणून जागेवरून उठण्याआधी कागदाच्या मागे एक कृती लिहा, आजच्या आज होईल अशी. आपल्या सभासदासाठी ती अशी: अहवालाची प्रत मागणारं पत्र सेक्रेटरींना आज द्यायचं आणि पोच घ्यायची. दुसऱ्या इंजिनिअरचं मत घ्यावं, असं पुढच्या सभेत उभं राहून म्हणायचं. आणि ठराव तरीही मंजूर झाला, तर आपला विरोध नावासकट इतिवृत्तात लिहून घ्यायचा.