‘लव्हिन स्पूनफुल’ची प्रसन्नता उथळ होती का?

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. न्यूयॉर्कच्या ‘लव्हिन स्पूनफुल’ने दोन-अडीच वर्षे गोड गाणी केली आणि तो बँड विरून गेला; गायक-गीतकार बॉब डिलन किंवा ‘बर्ड्स’ हा बँड यांच्या पंक्तीत त्याला बसवणे ही अतिशयोक्ती आहे, असा आपला आक्षेप आहे. पंक्तीचा वाद मी घालणार नाही. युद्धावर वा नागरी हक्कांवर त्यांनी लिहिले नाही, हेही खरेच. मात्र त्यांची प्रसन्नता उथळ होती, हा आपला निष्कर्ष मला पटत नाही.

बँडचे गायक-गीतकार जॉन सेबॅस्टियन न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या लोकसंगीताच्या वर्तुळात घडले. बँडचे नावच मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचे सुखदुःख गाणारे संगीत) गायकाच्या गाण्यातून घेतलेले आहे, आणि त्यांच्या संगीताचे मूळ अमेरिकेतल्या मेम्फिस-लुईव्हिलकडच्या ‘जग बँड’मध्ये (इंग्रजी ‘जग’ म्हणजे घडा) आहे. रिकाम्या घड्याच्या तोंडाशी ओठ धरून घुमारा काढायचा, कपडे घासायच्या पत्र्यावर ताल धरायचा आणि त्यावर खट्याळ गाणी म्हणायची, अशी ती परंपरा होती. तिच्या हसण्यामागे ब्लूजचा अनुभव होता. सेबॅस्टियन यांनी ते हसू ऑटोहार्प (बटणे दाबून छेडायचे तंतुवाद्य) आणि इलेक्ट्रिक गिटारवर आणले, एवढेच.

‘समर इन द सिटी’ पुन्हा एकदा ऐकावे, ही विनंती. ऑगस्ट १९६६ मध्ये तीन आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिलेल्या या गाण्यात गाड्यांचे भोंगे आहेत, रस्ता फोडणाऱ्या यंत्राची घरघर आहे, आणि कडव्यांतल्या मायनर, म्हणजे उदास वाटणाऱ्या, स्वरांचा कोंदट ताण ध्रुवपदात रात्र येताच मोकळा होतो. उन्हाळ्याचा त्रास आणि त्यातून सुटका केवळ स्वररचनेतून उभी करणे हे उथळ कारागिराचे काम नव्हे. (या गाण्याची पहिली कल्पना सेबॅस्टियन यांच्या किशोरवयीन भावाची होती, हे मला अजूनही गमतीचे वाटते.)

बँड लवकर संपला, याचे कारणही आपण गाण्यांत शोधता; ते मला गाण्यांबाहेर दिसते. मे १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिटारवादक झाल यानोव्स्की आणि बासवादक स्टीव्ह बून गांजासह पकडले गेले. यानोव्स्की कॅनडाचे नागरिक असल्याने देशाबाहेर घालवले जाण्याच्या भीतीपोटी दोघांनी पोलिसांना सहकार्य केले, आणि ही बातमी पसरल्यावर त्यांच्याच पिढीतल्या अनेकांनी बँडवर बहिष्कार टाकला. यानोव्स्की १९६७ मध्ये बाहेर पडले, सेबॅस्टियन १९६८ मध्ये. तोवर बँडच्या ‘डेड्रीम’ या गाण्यावरून प्रेरणा घेऊन पॉल मॅकार्टनी यांनी ‘गुड डे सनशाइन’ रचले होते, आणि ते बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममध्ये आलेही होते.