‘डिश काढा, फायबर घ्या’ हा मेसेज कोकणातल्या घराने का ऐकू नये

मेसेज असा फिरतोय: ‘सरकार डिश टीव्ही बंद करत आहे. आजच छत्री काढा आणि फायबर घ्या. ३९९ रुपयांत सगळे चॅनेल, अनलिमिटेड नेट, घरभर वाय-फाय आणि लँडलाइन फुकट. पाऊस असो, लाइट जावो, फायबर बंद पडत नाही. वर्षाचे पैसे एकदम भरा, दोन महिने फुकट मिळवा. आपल्या गावच्या सर्व ग्रुपवर पाठवा.’

आमच्या आत्येपर्यंत तो पोचला. गुहागर तालुक्यात घरात एकटी राहते, वय सत्तरीच्या पुढे. तिने छत्री उतरवायला माणूस बोलावला होता. अशा किती घरांतल्या छत्र्या आतापर्यंत उतरल्या असतील, या विचाराने हे लिहितोय.

‘पाऊस असो, लाइट जावो, फायबर बंद पडत नाही’

आधी हाच दावा घेतो. बाकीच्या दाव्यांनी फार तर पैसे जातील, याच्यावर विश्वास ठेवून माणूस अडकेल.

यातलं अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. फायबर म्हणजे काचेची तार, तिच्यातून उजेड जातो. पावसाने त्याला काही होत नाही. डिशचं तसं नाही. आपल्याकडच्या छत्र्या कू बँडवर, म्हणजे ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि या लहरी जोराच्या सरीत क्षीण होतात. जुलैमध्ये ऐन मालिकेच्या वेळी ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते ती त्यामुळे.

पण सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. कुणाला फोन नाही, कुणाची वाट बघणं नाही. फायबर तुटली की ती आपोआप जुळत नाही. आपल्या वाड्यांमध्ये ती बहुतेक ठिकाणी जमिनीखालून आलेली नसते. विजेच्या खांबावरून खांबावर, तिथून माडावर, माडावरून आंब्यावर अशी लटकत येते. एक फांदी पडली, एक झाप वरून सुटला की संपलं. जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं, ते घेऊन येणारा माणूस तालुक्याच्या गावी असतो, आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात एकाच दिवशी अनेक ठिकाणी तार तुटलेली असते. चार कनेक्शनांच्या वाडीचा नंबर साहजिकच शेवटी लागतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात किंवा पाण्याच्या पाइपसाठी जेसीबीने तोडलेली तार वेगळीच.

म्हणजे डिश वारंवार जाते पण थोडा वेळ. फायबर क्वचित जाते पण दिवसच्या दिवस. टीव्ही, नेट आणि फोन तिन्ही एकाच तारेवर घेतले तर तिन्ही एकदम जातात. कोकणात पॅकेज निवडताना पहिला विचार हा हवा, भाव नंतर.

आता लाइट. फायबर घरात जिथे संपते तिथली डबी, जिला ओएनटी किंवा नुसतं मोडेम म्हणतात, ती १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते. लाइट गेली की डबी बंद, नेट बंद, त्यावरचा टीव्ही बंद, आणि लँडलाइनही बंद. या शेवटच्या गोष्टीने घात होतो. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून मिळायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन लागायचा. म्हाताऱ्या माणसांच्या मनात तीच लँडलाइन आहे. फायबरची लँडलाइन दिसते तशीच, वाजते तशीच, पण लाइटशिवाय मुकी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. ‘लाइट जावो, फोन चालू’ असं सांगून एकट्या माणसाला या भरवशावर ठेवणं हा गुन्हा आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

उपाय आहे, पण तो मेसेजमध्ये नाही. १२ व्होल्ट, २ अँपियरचा मिनी यूपीएस मिळतो, मोडेमच्या आणि अडॅप्टरच्या मध्ये बसतो. घेताना मोडेमच्या खाली लिहिलेला व्होल्ट-अँपियरचा आकडा आणि पिनचा आकार जुळतोय का बघा. खोक्यावर ‘८००० एमएएच’ लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेलं असतं, म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. मोडेम १० वॅट खातो असं धरलं आणि मधली गळती वजा केली तर अडीच तास, फार तर पावणेतीन. दुकानदार आठ तास सांगेल. शिवाय तुमच्या घरी यूपीएस असून भागत नाही, केबलवाल्याच्या ज्या नोडवरून, म्हणजे ज्या ठिकाणाहून लाइन वाटली जाते तिथून, तुमची लाइन आली तिथे बॅटरी किंवा जनरेटर हवा. कनेक्शन घेण्याआधी केबलवाल्याला हाच प्रश्न विचारा: लाइट गेल्यावर तुमचा नोड किती तास चालतो? उत्तराला तो अडखळला तर समजून जा. आणि फोनसाठी बटणांचा साधा मोबाइल ठेवाच, घरात रेंज येते अशा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालून.

लाइन बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला मीटर लावून ‘पॉवर’, म्हणजे तारेतल्या उजेडाचा जोर, किती येते ते दाखवायला सांगा. आकडा उणे डीबीएममध्ये असतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २५ च्या पलीकडे असेल तर सही करू नका, कारण साध्या मोडेमची मर्यादा उणे २७ ला संपते. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं, तार कुठे मुडपली की तो आकडा घसरतो आणि मोडेमवर लाल दिवा लागतो. खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दाबून घेऊ नका. तारेबरोबर आधाराची लोखंडी वायर असेल तर ती घराबाहेरच तोडून बांधायला सांगा. ऑक्टोबरात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर सॉकेटमधून काढायचा, आणि डिशची वायरही बॉक्समधून. काचेतून वीज येत नाही, पण महावितरणच्या लाइनमधून येते आणि मोडेम जाळते.

‘सरकार डिश बंद करत आहे’

साफ खोटं. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये डीटीएच, म्हणजे डिश टीव्हीच्या, परवान्याची मुदत १० वर्षांवरून २० वर्षं केली. बंद करायच्या धंद्याला कुणी वीस वर्षांचा परवाना देत नाही. या अफवेचं मूळ बहुधा जुनं आहे: २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने केबल डिजिटल झाली आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. डिशचा त्याच्याशी संबंध नव्हता. गिऱ्हाईक कमी होतंय हे मात्र खरं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीत पैसे भरून डिश बघणारे २०२० च्या अखेरीस सात कोटींच्या आसपास होते, २०२४ च्या अखेरीस सहा कोटींच्याही खाली आले. लोक सोडून जाणं वेगळं आणि सरकारने बंद करणं वेगळं.

छत्री पावसात फारच जात असेल तर आधी तिचं दुखणं बघा. खाऱ्या वाऱ्याने एलएनबीजवळचा, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या डबीजवळचा, कनेक्टर हिरवा पडतो, सिग्नल आधीच अर्धा झालेला असतो आणि साधी सरही त्याला पुरते. कनेक्टर नवा घाला, त्यावर रबरी सीलिंग टेप गुंडाळा, वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळतं. किनाऱ्यावरून सगळ्या छत्र्या साधारण आग्नेयेच्या बाजूला बघतात, त्या बाजूचा फणस दोन वर्षांत वाढून आड आला असेल तर तोही बघा. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि चित्र जास्त वेळ टिकतं. मात्र वाराही तितकाच धरते, तेव्हा ती कौलांवर नको, जांभ्याच्या चौथऱ्यात काँक्रीट भरून बोल्टवर.

‘३९९ मध्ये सगळे चॅनेल’

३९९ वर १८ टक्के जीएसटी लागला की ४७० रुपये ८२ पैसे होतात. वर बसवण्याचा खर्च किंवा मोडेमचं डिपॉझिट. आणि या भावाला मिळतं ते बहुतेक वेळा नुसतं नेट. चॅनेल हवे तर वरची योजना.

‘टीव्ही’ या शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्या वेगळ्या करून विचारा. एक, खरा आयपीटीव्ही, म्हणजे नेटच्या तारेतून येणारा टीव्ही: बॉक्स, रिमोट, चॅनेल नंबर. दोन, लाइव्ह चॅनेलचं अ‍ॅप, ज्यात काही चॅनेल दाबल्यावर दुसरंच अ‍ॅप उघडतं आणि तिथे नव्याने लॉगिन मागतं. तीन, नुसती ओटीटी वर्गणी, आणि तीही कधी ‘मोबाइल’ प्रकारची, जी टीव्हीवर चालतच नाही. ज्या बाईला आपला चॅनेल नंबरावरून माहीत आहे तिच्या हातात आकडे नसलेला रिमोट देऊन ‘बोलून शोध’ सांगणं म्हणजे तिचा टीव्ही बंद करणं. तुमच्या घरात रोज लागणाऱ्या पाच चॅनेलची नावं कागदावर लिहा आणि विक्रेत्याकडून त्या बॉक्सवर लावून बघा. लागले नाहीत तर पॅकेज कितीही स्वस्त असो, तुमच्या कामाचं नाही.

डिशच्या बाजूचाही हिशोब सांगतो. ट्रायने २०१९ पासून चॅनेल निवडून घेण्याची सोय दिली आहे, त्यामुळे ‘फॅमिली’ पॅकमधले तेलुगू-बंगाली चॅनेल काढून नुसते मराठी आणि बातम्या ठेवता येतात. चॅनेलच्या किमतीशिवाय लागणाऱ्या नेटवर्क शुल्कावरची महिना १३० रुपयांची मर्यादा मात्र जुलै २०२४ मध्ये उठली, म्हणून बिल वर्षातून एकदा तरी नीट वाचा. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसेच नाहीत. सह्याद्री दिसते, मराठी मालिकांचे मोठे पे चॅनेल बहुतेक दिसत नाहीत. जिथे टीव्ही दिवसाला तासभर लागतो तिथे ते पुरेसं आहे.

‘अनलिमिटेड नेट’ आणि ‘घरभर वाय-फाय’

पहिल्या दाव्यात फारसं खोटं नाही. फायबरच्या योजनांत महिन्याला साधारण ३३०० जीबीची मर्यादा लिहिलेली असते. एचडी चित्राला तासाला ३ जीबी धरले तर ते ११०० तास झाले, आणि महिन्यात तासच ७२० असतात. हवेतून येणाऱ्या कनेक्शनांची मर्यादा मात्र कमी असू शकते. १००० जीबी असेल तर दिवसाला अकरा तास एचडी, म्हणजे दोघांना भरपूर आणि गणपतीत भरलेल्या घराला अपुरी. वेगाचंही तसंच: एचडीला ५ एमबीपीएस, ४केला १५ लागतात. दोन-तीन टीव्ही-मोबाइलच्या घराला ३० ते ५० खूप झाले. मुंबईहून बंद घरावर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवायचं असेल तर अपलोडचा वेग विचारा, जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो.

घरभर वाय-फाय हे चिऱ्याच्या घरात विसरा. वाय-फाय दोन लहरींवर चालतं: जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही, २.४ गिगाहर्ट्झ जेमतेम एक भिंत ओलांडतो. तार पडवीतून आली म्हणून मोडेम पडवीतच ठोकून जातात. तो माजघरात, उंचावर लावून घ्या. टीव्हीला वाय-फाय नको, मोडेमपासून नेटची कॅट-६ वायर सरळ जोडा.

‘वर्षाचे पैसे एकदम भरा’

भरू नका, निदान पहिल्या पावसाळ्यापर्यंत तरी नाही. जून ते सप्टेंबर महिन्याच्या बोलीवर वापरा, लाइन किती वेळा तुटते आणि किती दिवसांत जोडतात ते बघा, मग सहा महिन्यांचं घ्या. शेजारच्या वाडीत त्याच केबलवाल्याची लाइन असेल तर त्यांना गेल्या जुलैचा अनुभव विचारा. तक्रार केल्यावर डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा, तो नसेल तर पुढे अपील करता येत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जी घरं शिमगा, मे आणि गणपती सोडून बंद असतात त्यांनी तर वर्षाचं पॅकेज घेऊच नये. डिशची सेवा काही काळ थांबवून ठेवण्याची सोय ट्रायच्या २०१७ च्या नियमांत आहे, अर्ज मात्र काही दिवस आधी करावा लागतो. गावातून निघायच्या दिवशी फोन करून ते होत नाही. आणि जिथे म्हातारी माणसं बारा महिने राहतात तिथे फायबर जरूर घ्या, मुलांशी व्हिडिओ कॉल त्यावर चांगला होतो, पण टीव्हीसाठी छत्री लहान मराठी पॅकवर तशीच राहू द्या. ती उतरवली, वायर कापली, चौथऱ्यावरचे बोल्ट गंजले की भर पावसात परत लावायला कुणी कौलांवर चढत नाही.