खुलासा : मागचं चाक आपटल्यावर नुसतं अलाइनमेंट पुरत नाही

‘मागचं चाक फुटपाथच्या कडेला आपटलं? अलाइनमेंट करून घ्या, काम झालं’ असा सल्ला सध्या फिरतोय. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

मागच्या चाकाचा टो (वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) बिघडला की गाडी मागून तिरकी ढकलली जाते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. अशा वेळी फक्त पुढची चाकं जुळवली तर स्टिअरिंग सरळ दिसतं, पण आपटल्याने वाकलेला आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा) तसाच राहतो नि टायर खात राहतो. शिवाय टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेल्या) बहुतेक गाड्यांत मागे जुळवायची सोयच नसते. मग जुळवणार काय?

चारही चाकांचा अलाइनमेंट रिपोर्ट मागा. आपटलेल्या बाजूचाच कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक किती कललंय तो कोन) किंवा टो हद्दीबाहेर असेल तर लिंक (जोडणारी दांडी), आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांवर संशय घ्या. बारीक बाक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना त्याच दोन बोल्टांमधलं अंतर टेपने मोजून ताडून बघा. टायरवर तळहात आडवा फिरवा : जाताना गुळगुळीत, येताना करवतीसारखा लागला तर टो बिघडलाय. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून देणारेही भेटतील. नको, बदलाच.