हॅन्डब्रेकची केबल : "स्प्रे मारला की झालं" म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की जाम झालेली केबल बदला असं सांगून मी लोकांना उगाच खर्चात पाडतोय, गंजाचा स्प्रे मारून लिव्हर आठदहा वेळा वरखाली केलं की ती सुटते, सायकलची नाही का तेल सोडलं की सुटते, आणि नाहीतरी गाडी गियरमध्ये टाकून उभी केली तर हॅन्डब्रेक लागतोच कुठे.

स्प्रेने केबल सुटते हे खरंय, पण टिकत नाही. सायकलची केबल आखूड, वरचं टोक उघडं, तेल आपोआप खाली झिरपतं. गाडीची केबल पोटाखालून आडवी जाते, मागच्या ॲक्सलजवळ वळते आणि टोकाला रबरी बूट, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून घातलेली टोपी, असते. ती फाटली की चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल आत शिरतो आणि जाऊन बसतो सगळ्यात खालच्या वळणात, तिथपर्यंत तुमचा स्प्रे पोचतच नाही. आमच्या चिपळूणला 22 जुलै 2021 ला पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या, नंतर त्यातल्या जाम केबली कापून बघितल्यात मी. बाहेरचं प्लास्टिक एका जागी फुगलेलं, ते कापलं की तपकिरी भुकटी खाली पडते, आतला नायलॉनचा थर घासून गेलेला आणि तारेचे दोनचार पदर तुटून काट्यासारखे उभे राहिलेले. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून ते फुगतं. आता हे कुठला स्प्रे भरून काढणार?

आणि खरा धोका वेगळाच आहे. लिव्हर ओढताना तुमच्या हाताचा जोर असतो, त्यामुळे अर्धवट जाम केबलसुद्धा ओढली जाते आणि आपल्याला वाटतं हॅन्डब्रेक चांगला लागतोय. पण लिव्हर सोडल्यावर केबल मागे खेचायला ड्रममधली (मागच्या चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा) स्प्रिंग सोडून दुसरं काहीच नसतं. ती कमी पडली की लिव्हर खाली, डॅशबोर्डवरचा दिवा बंद, आणि एका चाकाचे लायनर (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला घासतच राहतात. मायलेज पडतं ते सोडा हो, ड्रम तापतो आणि ती उष्णता व्हील सिलिंडरमधून (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल नवीन असताना 205 अंशाच्या वर उकळायला पाहिजे, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि मग ही मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की पायाचा ब्रेकसुद्धा पोकळ लागतो. घाट उतरताना हे झालं तर? म्हणूनच मी एवढा मागे लागतोय.

तुमचं एक मात्र शंभर टक्के बरोबर आहे, दरवेळी केबलच दोषी असते असं नाही. पावसात गाडी हॅन्डब्रेक ओढून बरेच दिवस उभी राहिली की लायनरच ड्रमला चिकटतात, गाडी हलवली की खाट्कन आवाज येऊन सुटतात आणि नंतर चाक मोकळं फिरतं. तिथे केबल बदलायची काहीच गरज नाही. ओळखायचं असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), ड्रम काढा आणि केबलचं टोक सोडवा. सुटी केबल हाताने पुढेमागे सहज सरकली पाहिजे, पक्कड लावावी लागली तर ती गेली समजा. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती छातीत जाऊ देऊ नका.

गियरचं म्हणाल तर सपाटीवर, पावसाळ्यात चार दिवस उभी करायची असेल तर गियर आणि चाकाला ठोकळा, हॅन्डब्रेक सुटा, हे मीही सांगतो. पण कुंभार्ली घाटात चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर गियरमध्ये टाकून थांबणार का? आणि पायाच्या ब्रेकचं ऑइल गळून गेलं तर तारेवर चालणारा हा एकच ब्रेक हातात उरतो, त्याला ऑइल लागत नाही.

खर्चाचं सांगायचं तर छोट्या गाडीची केबल काही फार महाग नसते, मजुरी बहुतेक ड्रम काढण्याघालण्याची, आणि ती तुम्ही स्प्रे मारायला दरवेळी गेलात तरी द्यावीच लागते. फक्त मेकॅनिकला एक सांगा, आधी लायनरचं ॲडजस्टमेंट, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर, करून घे आणि मगच केबलचा नट आवळ. उलटं केलं आणि केबल जास्त ताणली तर ड्रमच्या आतलं, केबल जोडलेलं छोटं लिव्हर पूर्ण मागे बसत नाही, बऱ्याच गाड्यांत आपोआप होणारं ॲडजस्टमेंट मग बंदच पडतं आणि लोक नव्या केबलला नावं ठेवतात. हाताचं लिव्हर किती खटक्यांत लागलं पाहिजे ते गाडीच्या पुस्तकात असतं, तेवढं बघून घ्या. तुमची गाडी कुठली आणि मागे ड्रम की डिस्क ते लिहा, डिस्कवाल्या बऱ्याच गाड्यांत कॅलिपरवरचं (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) लिव्हर पण जाम होतं, तिथे तपासायची पद्धत थोडी वेगळी आहे.