मडक्यात काय चाललंय?

भाताची कापणी उरकली आणि मागच्या ओलीवर टाकलेल्या वालाच्या शेंगा भरायला लागल्या की अलिबाग-रोह्याकडे रात्री शेतांत जाळ दिसतात. पोपटी लागलेली असते, म्हणजे मडक्यात शेंगा भरून ते जाळात ठेवलेलं असतं. शेंगा शिजवायला खरं तर दोन माणसं पुरतात, पण आमच्याकडे झाडून सगळं खानदान हजर असतं. मुंबईचे मेहुणे, पनवेलची आत्या, शिवाय भावाचे मित्र आणि त्या मित्रांचे मित्र.

पहिली रडकथा पाल्याची. भांबुर्डीचा पाला हवाच, सगळा वास त्याचा. एरवी बांधावर पायाखाली तुडवली जाणारी ही भांबुर्डी नेमकी त्या संध्याकाळी गायब होते. "कोथिंबीर नाही चालणार?" असं मेहुण्यांनी विचारलं आणि त्यांची नेमणूक कायमची टॉर्च धरण्यावर झाली.

मग मडकं भरायचं. तळाला पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, परत शेंगा आणि तोंडाशी गच्च पाला. पाणी थेंबभरही नाही. यंदा आत्याने जाहीर केलं, "मार्गशीर्ष आहे, महिनाभर मी शिवणार नाही." म्हणून तिचं मडकं वेगळं. काकांनी त्यावर खडूने फुली मारली.

दोन्ही मडकी पालथी घातली, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचल्या आणि पेटवलं. खरा छळ इथून पुढे. बार्बेक्यूत निदान मांस डोळ्यांसमोर असतं. इथे आत कच्चं आहे की कोळसा झालाय, हे कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येकाला कळतं. "अर्धा तास झाला, काढा!" "अरे, थंडी आहे, पाऊण तास लागेल." धूरही जातीचा पक्षपाती, जिकडे मी बसावं तिकडेच वळतो. कुणीतरी सांगितलं, वलसाडकडेही मडकं असंच लावतात, त्याला उंबाडियू म्हणतात आणि त्यात कोंबडी नसते. मामा म्हणाले, "मग एवढा जाळ कशाला करतात?"

झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र वाजून पाणी उडालं की झालं. एकाने मारला तर पुरे, पण आमच्याकडे दुसऱ्याच्या चर्रवर कुणाचा विश्वास नाही. सगळ्यांचे शिंतोडे होईपर्यंत निम्मा जाळ विझला आणि "लाकूड ओलं होतं" असा ठराव एकमताने पास झाला.

शेवटी मडकी बाहेर ओढली. दोन्ही काळीकुट्ट. फुली कुठल्या मडक्यावर होती, यावर काका ठामपणे दोन्हींकडे बोट दाखवत होते. "हेच माझं," म्हणत आत्याने एक पुढ्यात घेतलं. पाला उपसला, वाफेचा भपकारा आला आणि शेंगांबरोबर एक अंडं घरंगळत तिच्या पायाशी येऊन थांबलं.

सगळे चिडीचूप.

आत्याने अंड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आज शनिवार ना? मी गुरुवारच पाळते," ती म्हणाली आणि पदर खोचून अंडं सोलायला बसली.